राजकारणात गेलं तर न्यायाधीश होण्याची वाट बंद होते का?

प्रश्न विचारणाऱ्या वकील ताईंची तालुका कोर्टात आठ वर्षं वकिली झाली आहे. यंदा एका पक्षाने त्यांना जिल्हा परिषदेची उमेदवारी देऊ केली आहे. पुढेमागे उच्च न्यायालयात न्यायाधीश व्हावं अशी त्यांची मनापासून इच्छा आहे. राजकारणाचा शिक्का एकदा बसला की ती वाट कायमची बंद होते का, आणि अमेरिकेत आमदारकी केलेली माणसं फेडरल, म्हणजे संघराज्याच्या कोर्टाचे, न्यायाधीश होतात ते कसं, असं त्यांनी विचारलं आहे.

मी गेली ३१ वर्षं खंडपीठासमोर वकिली करते. हा प्रश्न माझ्या स्वतःच्या ज्युनियर मुलींनीही मला विचारला आहे, आणि दरवेळी मी त्यांना एकाच बाईची गोष्ट सांगते: कॉन्स्टन्स बेकर मोटली. वकील, न्यूयॉर्क राज्याच्या सिनेटर, मॅनहॅटनच्या बरो प्रेसिडेंट (न्यूयॉर्क शहराच्या त्या विभागाच्या प्रमुख) आणि शेवटी ३९ वर्षं फेडरल न्यायाधीश. गोष्ट थोडी लांबवर सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिच्या तपशिलातच आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. मोटली ज्या सिनेटमध्ये होत्या ते वॉशिंग्टनचं नव्हे, न्यूयॉर्क राज्याचं. ते ऑल्बनीला भरतं. आपल्या भाषेत ही आमदारकी झाली. आणि ज्या कोर्टावर त्यांची नेमणूक झाली त्याचं नाव ‘डिस्ट्रिक्ट कोर्ट’ असलं तरी ते आपलं जिल्हा न्यायालय समजू नका. न्यूयॉर्कचं सदर्न डिस्ट्रिक्ट हे मूळ खटले चालवणारं संघराज्याचं न्यायालय आहे. वॉल स्ट्रीटचे मोठमोठे वाद तिथे येतात. राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतात, वॉशिंग्टनचं सिनेट मंजुरी देतं, आणि एकदा बसलेला न्यायाधीश तहहयात राहतो. तिथे परीक्षा नाही, आपल्यासारखं कॉलेजियम, म्हणजे नावं सुचवणारं ज्येष्ठ न्यायमूर्तींचं मंडळ, नाही. नेमणुकीच्या वाटेवरच राजकारण उभं असतं, त्यामुळे राजकारणातून आलेला माणूस तिथे कुणाला परका वाटत नाही.

मोटली यांचा जन्म १४ सप्टेंबर १९२१ चा, न्यू हेवनचा. आईवडील वेस्ट इंडीजमधल्या नेव्हिस बेटावरून आलेले, १२ भावंडांत त्या नवव्या. वडील येल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या मंडळांमध्ये स्वयंपाकी होते. कॉलेजला पैसे नव्हते. गावातल्या समाजमंदिराच्या सभेत या मुलीने केलेलं भाषण क्लॅरेन्स ब्लेकस्ली नावाच्या गोऱ्या उद्योजकाने ऐकलं आणि शिक्षणाचा सगळा खर्च उचलला. आधी फिस्क विद्यापीठ, मग न्यूयॉर्क विद्यापीठ, मग १९४६ मध्ये कोलंबियाची कायद्याची पदवी. पदवी हातात पडायच्या आधीच, १९४५ मध्ये, थर्गुड मार्शल यांनी त्यांना एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या लीगल डिफेन्स फंडात, म्हणजे तिचे खटले लढवणाऱ्या शाखेत, क्लार्क म्हणून घेतलं होतं. हे तेच मार्शल, जे पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती झाले.

तिथे त्यांनी जवळपास २० वर्षं काढली. शाळांमधला वर्णभेद मोडणाऱ्या ‘ब्राऊन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन’ खटल्याचं मूळ वादपत्र त्यांनी लिहिलं. कोर्टात उभं राहून बोलणाऱ्याचं नाव राहतं, वादपत्र लिहिणाऱ्याचं राहत नाही, हे आपल्याला माहीत आहे. पण दाव्याची मागणी कोणत्या शब्दांत मांडायची, कुणाला प्रतिवादी करायचं, कोणती वस्तुस्थिती आधी सांगायची, हे ज्याला जमतं त्याच्या हातात निम्मा खटला असतो.

आता ज्या खटल्याने पुढे त्यांच्या न्यायासनाच्या वाटेत काटे पेरले, त्याकडे येते. जेम्स मेरेडिथ हा हवाई दलात नऊ वर्षं काढलेला तरुण. जानेवारी १९६१ मध्ये त्याने मिसिसिपी विद्यापीठात प्रवेशासाठी अर्ज केला. या विद्यापीठाने तोवर जाणूनबुजून एकाही कृष्णवर्णीयाला प्रवेश दिलेला नव्हता. विद्यापीठाची एक अट पाहा: अर्जासोबत माजी विद्यार्थ्यांची चारित्र्याची प्रमाणपत्रं हवीत. माजी विद्यार्थी सगळे गोरे. मेरेडिथने सरळ लिहून कळवलं की मी निग्रो आहे आणि तुमचे पदवीधर सगळे गोरे आहेत, तेव्हा अशी नावं मी देऊ शकत नाही. त्याऐवजी त्याने आपल्या भागातल्या कृष्णवर्णीय नागरिकांची प्रमाणपत्रं जोडली. अर्ज नामंजूर झाला, आणि मार्शल यांनी प्रकरण मोटलींकडे सोपवलं.

या प्रकरणासाठी त्या २२ वेळा न्यूयॉर्कहून मिसिसिपीला गेल्या. जॅक्सनच्या फेडरल कोर्टात न्यायाधीशाच्या मागच्या भिंतीवर मिसिसिपीच्या जीवनाचं मोठं चित्र रंगवलेलं होतं, त्यात कापसाच्या शेतात राबणारे कृष्णवर्णीय दिसत. त्या चित्रासमोर उभं राहून ही बाई विद्यापीठाच्या रजिस्ट्रारचा उलटतपास घेत होती. स्थानिक वर्तमानपत्रं त्यांचा उल्लेख ‘ती मोटली बाई’ असा करत. समोरच्या सरकारी वकिलाला ‘मिसेस मोटली’ असं तोंडाने म्हणवत नव्हतं.

इथे मी थोडी थांबते. १९९० च्या दशकात एका जिल्हा न्यायालयात समोरचे ज्येष्ठ वकील पुरुष वकिलांना ‘माझे विद्वान मित्र’ म्हणत आणि मला ‘ह्या बाई’. मी तेव्हा काहीच बोलले नाही, फक्त माझी निशाणी, म्हणजे पुराव्याची कागदपत्रं, क्रमवार लावून वाचत राहिले. मोटलींबद्दल वाचलं ते त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, आणि त्याही नेमकं हेच करत होत्या हे कळल्यावर माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

त्यांचा भर कशावर होता ते बघा. भाषणावर नव्हे, रजिस्टरवर. इतर विद्यार्थ्यांचे अर्ज दाखवा, ते कोणत्या निकषांवर घेतले ते दाखवा, ही त्यांची मागणी. समोरून मुदतीवर मुदत. विद्यापीठाच्या वकिलांची आजारपणं, न्यायाधीशांचं भरलेलं बोर्ड, कारणांना तोटा नव्हता. खालच्या न्यायाधीशाने तर विद्यापीठात वर्णभेद नाही, असा निष्कर्ष चक्क निकालपत्रात नोंदवला. त्या भागाच्या संघराज्य अपील न्यायालयात, म्हणजे पाचव्या सर्किटमध्ये, न्यायमूर्ती जॉन मायनर विस्डम यांनी तो फिरवला आणि हा खटला जणू कल्पनेच्या दुनियेत चालवला गेला, अशा अर्थाचा शेरा मारला. जून १९६२ मध्ये प्रवेशाचा आदेश झाला. मग त्याच अपील न्यायालयाच्या एका न्यायाधीशाने एकामागून एक चार वेळा स्टे दिला! शेवटी १० सप्टेंबर १९६२ ला सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी ते स्टे उठवले. ३० सप्टेंबरच्या रात्री विद्यापीठात दंगल झाली, दोन माणसं मेली, आणि १ ऑक्टोबरला मेरेडिथने नाव नोंदवलं. १९६३ च्या ऑगस्टमध्ये तो पदवीधर झाला.

सर्वोच्च न्यायालयात मोटलींनी १० प्रकरणं चालवली, त्यांतली ९ जिंकली. १९६१ मध्ये ‘हॅमिल्टन विरुद्ध अलाबामा’ प्रकरणात त्या तिथे उभ्या राहिल्या, तेव्हा त्या कोर्टात युक्तिवाद करणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला ठरल्या. फाशीची शिक्षा होऊ शकते अशा गुन्ह्यात आरोपीला आरोप वाचून दाखवण्याच्या टप्प्यावरच वकील मिळाला पाहिजे, हा तो मुद्दा. हरलेल्या दहाव्या प्रकरणाकडे मी नंतर येते.

राजकारणाचा भाग तुम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटत असेल, पण त्यांच्या आयुष्यात तो अगदी थोडा आहे. फेब्रुवारी १९६४ मध्ये राज्य सिनेटची एक जागा रिकामी झाल्यावर पोटनिवडणूक लागली आणि मोटली निवडून आल्या. त्या सभागृहात बसलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला. तिथे घरं, नोकऱ्या आणि शिक्षण यांतल्या भेदभावाविरुद्धचे कायदे हा त्यांचा विषय राहिला. जेमतेम वर्षभर. फेब्रुवारी १९६५ मध्ये मॅनहॅटनच्या बरो प्रेसिडेंटची जागा रिकामी झाली, तिथे नगर परिषदेच्या सदस्यांनी त्यांची निवड केली. त्या पदावर बसलेल्या पहिल्या महिला त्याच. नोव्हेंबरमध्ये लोकांनी त्यांना पूर्ण मुदतीसाठी निवडून दिलं, आणि त्या वेळी रिपब्लिकन पक्षाचाही त्यांना पाठिंबा होता. हार्लेम आणि ईस्ट हार्लेमच्या सुधारणेसाठी त्यांनी सात कलमी कार्यक्रम मांडला होता. तो पुरा करायला वेळच मिळाला नाही.

२६ जानेवारी १९६६ ला राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी त्यांचं नाव सदर्न डिस्ट्रिक्टसाठी पाठवलं. त्याआधी त्यांना अपील न्यायालयावर नेमायचा विचार होता, तो विरोधामुळे मागे पडला. नाव सिनेटच्या न्याय समितीकडे गेलं, आणि समितीचे अध्यक्ष होते जेम्स ईस्टलँड. ते मिसिसिपीचे सिनेटर, म्हणजे मेरेडिथच्या त्याच राज्याचे. त्यांनी नाव सात महिने अडवून धरलं. मोटली कम्युनिस्ट होत्या असा आरोप केला. तो टिकला नाही. ३० ऑगस्ट १९६६ ला मंजुरी मिळाली आणि अमेरिकेच्या इतिहासात पहिल्यांदा एक कृष्णवर्णीय महिला फेडरल न्यायाधीश झाली.

ताई, आता तुमचा प्रश्न या सात महिन्यांशेजारी ठेवून बघा. मोटलींना कशामुळे अडवलं? आमदारकी केली म्हणून? पक्षाच्या तिकिटावर निवडून आल्या म्हणून? नाही. राजकारणातली दोन वर्षं त्यांच्या उपयोगीच पडली: न्यूयॉर्कमध्ये नाव झालं, दोन्ही पक्षांनी पाठिंबा दिला, राष्ट्राध्यक्षांपर्यंत ओळख पोचली. त्यांना अडवलं गेलं ते वकिलीमुळे. ज्या अशिलांची वकीलपत्रं त्यांनी घेतली आणि जी प्रकरणं जिंकली, त्यांमुळे. आपल्याकडे सगळी चर्चा ‘पक्षाचा शिक्का’ या शब्दाभोवती फिरते, आणि वकिलाने कुणासाठी काय लढलं हाही एक शिक्काच असतो, हे कुणी बोलत नाही.

न्यायासनावर बसल्यावरही हेच झालं. १९७५ मध्ये ‘ब्लँक विरुद्ध सलिव्हन अँड क्रॉमवेल’ हा दावा त्यांच्यापुढे आला. वॉल स्ट्रीटची नामांकित वकील कंपनी महिलांना नोकरीत आणि बढतीत डावलते, असा आरोप. प्रतिवादींचा अर्ज आला: न्यायाधीशांनी या प्रकरणातून बाजूला व्हावं, कारण त्या स्वतः महिला आहेत आणि वकील म्हणून त्यांनी भेदभावाची प्रकरणं लढवली आहेत. मोटलींनी अर्ज फेटाळला. त्यांच्या आदेशाचा आशय असा: पार्श्वभूमी, लिंग किंवा वंश एवढ्यानेच न्यायाधीश बाद होत असेल, तर या कोर्टातला एकही न्यायाधीश हा खटला चालवू शकणार नाही, कारण प्रत्येकजण कधी ना कधी वकील होता आणि प्रत्येकाला कुठलं तरी लिंग आहेच. आदेश छोटा आहे, मराठी शाळेत शिकलेल्या वकिलालाही एका बैठकीत वाचता येईल असा. माझ्या ज्युनियरना मी तो सक्तीने वाचायला लावते. न्यायाधीशाने स्वतःविषयी लिहायचं असतं तेव्हा किती कमी आणि किती नेमकं लिहावं, ते त्यात दिसतं.

त्यांचा आणखी एक निकाल मला फार आवडतो, १९७८ चा. मेलिसा लुडके या ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’च्या वार्ताहर. १९७७ च्या वर्ल्ड सिरीज बेसबॉल सामन्यांच्या वेळी त्यांना यांकी स्टेडियममधल्या खेळाडूंच्या ड्रेसिंग रूममध्ये जाऊ दिलं नाही. पुरुष वार्ताहर आत जाऊन मुलाखती घेत होते. बेसबॉलचे आयुक्त म्हणाले, खेळाडूंच्या खासगीपणाचा प्रश्न आहे. राज्यघटनेतली समानतेची हमी सरकारविरुद्ध चालते, खासगी क्लबविरुद्ध नाही. मग दावा टिकणार कसा? मोटलींनी बोट ठेवलं ते भाडेकरारावर. स्टेडियम न्यूयॉर्क शहराच्या मालकीचं होतं, यांकी क्लब भाडेकरू. सार्वजनिक मालमत्तेत असा भेदभाव चालू दिला तर त्यात शहराचाही हात येतो. आणि खासगीपणासाठी खेळाडूंच्या कप्प्यांना पडदे लावता येतात, त्यासाठी महिलांना दाराबाहेर उभं करायची गरज नाही. बरो प्रेसिडेंट या नात्याने त्या शहराच्या बोर्ड ऑफ एस्टिमेटवर बसल्या होत्या, जिथे शहराच्या जागा, करार आणि अंदाजपत्रकाचे निर्णय होत. सरकारी जागेचा भाडेकरार म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नसणार, असं मला वाटतं. लोकप्रतिनिधी म्हणून काढलेली वर्षं न्यायाधीशाच्या उपयोगी पडतात ती अशी.

याचा अर्थ त्या प्रत्येक पीडिताला हवा तो निकाल देत होत्या असा नाही. पुरावा पुरेसा नसेल तर भेदभावाचे दावे त्या फेटाळत, आणि त्यावर चळवळीतले लोक नाराजही होत. वरच्या कोर्टाने त्यांचे निकाल बदललेही. मार्टिन सोस्ट्रे या कैद्याला तुरुंगात ३७२ दिवस एकांतकोठडीत ठेवलं होतं. सहआरोपीसाठी कायदेशीर कागद तयार करणं हे त्यामागचं एक कारण. १९७० मध्ये मोटलींनी दिवसाला २५ डॉलर धरून भरपाई दिली, वर दंडात्मक रक्कमही लावली. अपील न्यायालयाने त्यातला काही भाग उडवला. १९८२ ते १९८६ त्या आपल्या कोर्टाच्या मुख्य न्यायाधीश होत्या. नंतर ज्येष्ठ न्यायाधीश म्हणून २८ सप्टेंबर २००५ ला मृत्यू येईपर्यंत त्या पदावर राहिल्या.

आता आपल्याकडचं सांगते. कायद्याने बंदी नाही. राज्यघटनेच्या कलम २१७ मध्ये उच्च न्यायालयातल्या दहा वर्षांच्या वकिलीची अट आहे, राजकारणाचा उल्लेख नाही. खासदार-आमदारांनी वकिली करायला हरकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. उदाहरणंही लहान नाहीत. के. एस. हेगडे राज्यसभेचे खासदार होते, तिथून १९५७ मध्ये म्हैसूर उच्च न्यायालयात आणि १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७३ मध्ये सरन्यायाधीश नेमताना सरकारने ज्येष्ठता डावलली तेव्हा त्यांनी राजीनामा दिला. व्ही. आर. कृष्ण अय्यर १९५७ ते १९५९ केरळच्या कम्युनिस्ट सरकारात मंत्री होते, पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. जून १९७५ मध्ये आपली निवडणूक रद्द करणाऱ्या निकालाला इंदिरा गांधींनी बिनशर्त स्थगिती मागितली, तेव्हा त्यांनी सशर्त स्थगिती दिली, आणि दुसऱ्याच दिवशी आणीबाणी आली. दोघांचीही ओळख पुढे पक्षाचे न्यायाधीश अशी राहिली नाही.

पण अडचण नाही असं मी म्हणणार नाही. अमेरिकेत सिनेटपुढे आरोप होतात, उत्तरं दिली जातात, मतदान होतं. सगळं नोंदीवर राहतं. आपल्याकडे कॉलेजियमच्या बैठकीत काय बोललं गेलं ते उमेदवाराला कळत नाही. २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासाठी एका पक्षाच्या माजी प्रवक्त्यांचं नाव आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला, तो तुम्ही पाहिलाच आहे. नेमणूक झाली, पण आक्षेपाला उत्तर द्यायची रीतसर जागा आपल्याकडे नव्हती. म्हणून माझं मत असं: निवडणूक लढवायची तर लढवा, जिल्हा परिषदेत पाणी, शाळा, आरोग्य केंद्रं यांचं काम जवळून बघायला मिळेल. पण पक्षाचं प्रवक्तेपद घेऊ नका. लोकप्रतिनिधी म्हणून केलेल्या कामाचे ठराव कागदावर राहतात. टीव्हीवर विरोधकांवर केलेली वाक्यंही राहतात, आणि पुढे पक्षकाराला तीच आठवतात.

आणि वकिली सोडू नका, पातळही करू नका. आठ वर्षांत तुमच्या नावावर उच्च न्यायालयात गेलेली किती प्रकरणं आहेत? महिन्यातून दोन दिवस तरी खंडपीठात येत जा. निवडून आलात तर जिल्हा परिषदेच्या बाजूचं किंवा विरुद्धचं नवं वकीलपत्र घेऊ नका. जुनं असेल तर अशिलाला आधी सांगून, कागदपत्रं परत करून मोकळ्या व्हा, त्याची पोच घ्या आणि ती जपून ठेवा.

राहिलं ते मोटलींचं हरलेलं दहावं प्रकरण. ‘स्वेन विरुद्ध अलाबामा’. टॅलाडेगा काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) एका १९ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला फाशीची शिक्षा झाली होती. ज्युरी निवडताना सरकारी वकिलाने कारण न देता एकूण एक कृष्णवर्णीय वगळले होते, आणि १९५० च्या सुमारापासून त्या काउंटीत खटला चालवणाऱ्या ज्युरीवर एकही कृष्णवर्णीय बसला नव्हता. डिसेंबर १९६४ मध्ये मोटलींनी सर्वोच्च न्यायालयात त्याचा युक्तिवाद केला. तेव्हा त्या आमदार होत्या. निकाल मार्च १९६५ मध्ये विरुद्ध लागला, तोवर त्या बरो प्रेसिडेंट झाल्या होत्या. त्यांनी मांडलेला मुद्दा त्याच कोर्टाने २१ वर्षांनी, १९८६ च्या ‘बॅटसन’ निकालात, मोठ्या प्रमाणात मान्य केला.

उमेदवारीचा अर्ज भरायच्या आधी तुमच्या कपाटातल्या चालू फाइली एकदा काढून बसा. ज्यात अशील तुमच्यावरच विसंबून आहे त्या वेगळ्या करा, आणि निवडून आल्यावरही त्या तारखांना तुम्ही स्वतः उभ्या राहाल ना, ते आधी ठरवा.